लाईट गेली तेव्हाचा फोटो

भाच्यानं वापरून टाकलेली दुर्बीण.
वजन भरल्या तांब्याएवढं,
स्टँडचा एक पाय कधीच मोडलेला.
विट्यात, यंत्रमागांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर
नळीचं एक टोक मी पाण्याच्या टाकीवर टेकवतो,
दुसऱ्याला खालच्या मुलाण्यांची अल्फिया खांदा देते.
खांदा दे म्हटलं की हसते,
"कोण गेलं?" विचारते.

अष्टमीचा चंद्र. अर्धाच,
पण कडेच्या खड्ड्यांच्या सावल्या लांब पडलेल्या.
मुशीत गार होत आलेली चांदी
वरून सुरकुती धरते, तशा.
इतकं ओळखीचं काही
इतकं लांब असेल असं वाटलं नव्हतं.

सव्वीस वर्षं सेलमला गलाई केली.
सोनारांच्या दुकानातला केर पोत्यानं विकत घ्यायचा,
जाळायचा, आम्लात घालायचा,
कणभर सोनं काढायचं.
चिमट्यात लाल मूस धरून हात कधी हलला नाही.
आता हलतो.
धूर छातीत राहिला तो राहिला,
थोडा बोटांत उतरला असावा.

दुर्बिणीचं भोक वाटाण्याएवढं,
मोबाईलचा डोळा मसुरीएवढा.
दोघांची गाठ पडेस्तोवर
चंद्र घसरून कडेला गेलेला.
पडद्यावर काळं, मग ठिणगी, मग परत काळं.
श्वास सोडायचा,
पुढचा घ्यायच्या आत बटण दाबायचं.
तरी नाडी उरतेच.
तिचा ठोका बोटातून मोबाईलला,
मोबाईलमधून चंद्राला.
एकाहत्तर फोटो.
सगळ्यांत चंद्र दुधात टाकलेल्या बत्ताशासारखा.

"काका, तुमचा हात नाही,
गच्ची हलतीय."
तिनं टाकीचं झाकण सरकवून दाखवलं.
पाण्यावर बारीक बारीक गोल.
खाली अठ्ठेचाळीस माग,
त्यातले चार तिच्या बापाकडं.
खटक खटक खटक,
इतकं रोजचं की ऐकू येणंच बंद झालेलं.

मग लाईट गेली.
माग एकदम नाही थांबले,
शेवटचा धोटा कुठंतरी अर्ध्यात राहिला.
खालून कुणीतरी लाईटवाल्यांची आय काढली.
पाणी सपाट झालं,
टाकीत दुसरा चंद्र उभा राहिला.
मी बहात्तरावा काढला.

त्यात सगळं आलं.
खड्डे, खड्ड्यांतले खड्डे,
उजेडाच्या हद्दीबाहेर एकटंच शिखर,
त्याच्या फक्त टोकाला ऊन.

अल्फियानं दोन बोटांनी ते मोठं केलं,
आणखी मोठं केलं, मग थांबली.
"अब्बांचं किती मीटर बुडलं असंल ओ?"
मला तो हिशेब येत नाही. तिला येतो.
कठड्यावरून वाकून
ती ओठांतल्या ओठांत मोजत राहिली.

बारा मिनिटांनी गल्ली उजळली.
पायाखाली खटक खटक सुरू,
टाकीतला चंद्र फुटला.
तिनं टाळी वाजवली.
मलाही, खरं सांगतो, बरं वाटलं.

बाकीचे एकाहत्तर ती पुसायला लागली
तसा मोबाईल मी काढून घेतला.
केर टाकायचा नसतो.
धंदा सुटला तरी एवढं हाताला राहतं.

चंद्र आता दूध डेअरीच्या पत्र्याकडं उतरलेला.
नळी परत तिच्या खांद्यावर.
"कोण गेलं?"
"कुणी नाही. धर नीट."