कानामागचे चार केस

परवा रात्री लोटे व्याली.
तेरा पिल्लं. चौदावं मेलेलं.
वीबके हार्म्सने ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं,
बाकीच्यांची तोंडं पेंढ्याने पुसली
आणि एकेकाला आचळाशी लावलं.

एम्स नदीवरून धुकं गोठ्याच्या दारापर्यंत आलेलं.
खिशात पत्र, दोनदा वाचलेलं:
हिरवा शिक्का, आदरयुक्त मायना.

वसंतात त्यांचा माणूस आला होता.
चांगला होता बिचारा, केकचे दोन तुकडे खाल्ले,
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून आत आला
आणि लोटेच्या कानामागचे चार केस उपटून
काचेच्या नळीत घातले.
"फक्त नोंद," म्हणाला.
लोटेने कान झटकला. तेवढाच विरोध.

आता पत्र म्हणतं:
त्या केसांत अक्षरांची एक ओळ आहे,
जिच्यामुळे मांस भराभर चढतं, चरबी बेताने;
ती ओळ आम्ही वाचली,
सबब ती आमची.
ती ज्या ज्या पिल्लात उतरेल
त्या त्या पिल्लामागे
(पुढे आकडा).

वीबके हसली, एकटीच.
वाचलं म्हणून आपलं?
मग अख्खं बायबल पाद्रीबाबांच्या नावावर असतं.

फळीवर बापाची वही आहे, ओनोची,
शिसपेन्सिलीची, कोपरे उंदरांनी खाल्लेले:
'चौसष्ट साल. काळ्या पट्ट्याची, शांत, दूध भरपूर.
हिची लेक ठेवावी.'
एवढंच. ठेवावी.
तीस वर्षं तो नुसता ठेवत गेला,
शेजाऱ्यांना नर उसना देत गेला,
बदल्यात एखादी बाटली, कधी तीही नाही.
रक्ताचाही सातबारा काढून ठेवायचा असतो
हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

हॅनोवरच्या प्रदर्शनात तिने पाहिलंय त्यांचं नवं डुक्कर,
काचेआड, गुलाबी,
एक शब्द खोडून पुन्हा लिहिलेलं.
त्याला तो ताप येत नाही म्हणे,
ज्याने तिची अठ्ठेचाळीस जनावरं आठवड्यात नेली.
खूप वेळ उभी होती ती, हात काचेवर.
खोटं कशाला बोला,
हवंसं वाटलं होतं.
मग त्याने मान वर केली
आणि तिला कळेना
आपल्याकडे कोण पाहतंय,
डुक्कर, की खोडाखोड.

तेरावं पिल्लू अजून धडपडतंय, आचळ सापडत नाही.
वीबके त्याला उचलते.
तिची करंगळी वाकडी आहे;
ओनोची होती, ओनोच्या आईचीही.
दिव्याखाली ती करंगळीकडे पाहत राहते,
कुणाची तरी आपल्याकडे राहून गेलेली वस्तू पाहावी तशी.

पिल्लू तेवढ्यात तीच तोंडात धरतं
आणि चोखू लागतं.