तीनशे वीस

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
टेबलाची डावी कड माझी.
सुरीपासून लांब, भट्टीपासून तर फारच लांब.
गिरपबाईंनी एकदा पाहिलंय मला पडताना,
तेव्हापासून मी फक्त प्रतवारी करते.
अख्खा, पाकळी, तुकडा.
अख्ख्यातही दोनशे चाळीस, तीनशे वीस,
एका रतलात किती मावतात
त्यावरून गराचं नाव ठरतं.

आज ओरोसच्या सिव्हिलमध्ये
एक बाई दुर्वासमोर ठोकळे मांडून बसल्या.
नऊ रचायचे होते. तिनं चार रचले
आणि पाचवा चाटून पाहिला.
नाव सांग. गप्प.
बाहुलीचे डोळे कुठे? तिनं स्वतःचेच झाकले.
बाई वाईट नव्हत्या,
पेन्सिल तेवढी जोरात चालत होती.

मग मला विचारलं,
गरोदरपणी काही औषध चालू होतं?

होतं.
चौदाव्या वर्षापासून होतं.
आईनं माझ्या नाकाशी चप्पल धरून झाली,
आरवलीच्या वेतोबाला चप्पल वाहून झाली,
त्यानंतर आली ती गुलाबी गोळी,
सकाळी एक, रात्री दोन.
लग्न ठरलं तेव्हा डबीवरचं लेबल नखानं खरवडून काढलं.
सासरी ती रक्तवाढीची गोळी झाली.
मूल हवं वाटलं की आधी येऊन भेट,
गोळी बदलता येते,
हे मला कुणी सांगितलं नाही
किंवा सांगितलं असेल आणि मी लेबलासारखं खरवडलं असेल.
गेले तेव्हा अडीच महिने झाले होते.

डॉक्टर तरुण. फाईलवर बोट ठेवून थांबला.
म्हणाला, ही गोळी बाळाच्या बुद्धीला...
आणि वाक्य तिथंच ठेवून
दुसऱ्या गोळीचं नाव लिहायला लागला.
एकदम बंद नाही करायची हां, हळूहळू.
मी घरी आले आणि एकदम बंद केली.

अकरा दिवस.
बाराव्या दिवशी मागीलदारी भांडी घासताना
जळकट वास आला, जो फक्त मलाच येतो.
मग जावेची हाक, "अगो काय झाला तुका?"
जिभेवर रक्त, केसांत राख,
आणि मी पोटावरच पडलेली.

तर बाई, तुमच्या चौकटीत काय लिहू?
गोळी?
की गोळी नसलेले अकरा दिवस?
की यातलं काहीच नाही?
ह्यांचे मामा पाच वर्षांपर्यंत बोलले नव्हते,
आता स्टँडवर कंट्रोलर आहेत,
दिवसभर भोंग्यावरून बोलतात.

बाई म्हणाल्या, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही.
येत नसेल.
माझं ठेवलेलंच असतं,
काजू निवडतानासुद्धा.

दर मंगळवारी आणा म्हणाल्या.
घरी बोला तिच्याशी, प्रत्येक वस्तूचं नाव घेऊन.
मंगळवारी खाडा म्हणजे रोज बुडणार,
ते मी मनातच मोजलं.

येताना एस.टी.त नावं घेत आले.
माड. पूल. म्हैस. ती बघ, होडी.
पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायचा,
त्यालाही होडी दाखवली.
दुर्वाचं लक्ष माझ्या पिशवीत.
तिनं गोळ्यांची पट्टी बाहेर काढली,
नवी, पांढऱ्या गोळ्यांची,
आणि फुटलेल्या खळग्यांत एकेक बोट घालत गेली.
भरलेल्या खळग्यापाशी थांबली.
माझ्याकडे पाहिलं
आणि पट्टी माझ्या ओठांना लावली.

ठोकळ्यांच्या कागदावर
याच्यासाठी ओळ नव्हती. मी पाहिलं होतं.

"रात्री," मी म्हटलं. "रात्री घ्यायची ती."
तिनं पट्टी आणखी दाबली.
रात्री, गो बाय.
माड दाखवता येतो, होडी दाखवता येते.
मठ मागे पडलं होतं,
दुपारचे दोन, खिडकीभर लख्ख ऊन,
आणि मी शोधत होते
रात्र कुठे दाखवू तिला.