भोकाची कड

मुनेवेरानं रुमालाची गाठ सोडली
आणि नाणं ऐरणीवर ठेवलं,
हातोडीपासून जरा लांब.

मारिया तेरेसा. जाड गळ्याची, विधवेची ओढणी घेतलेली.
साल १७८०.
हरारमध्ये कुणाच्याही पेटीत हात घाला, साल हेच निघतं;
बाई वारली तरी टाकसाळी
तेच साल छापत राहिल्या, पिढ्यान्‌पिढ्या.
म्हणजे खोटं बोलायची सवय
या चांदीला आधीपासूनच आहे.

"बुजवशील?"
अदिसचे दातांचे डॉक्टर, येशितिला,
भोकासकट नुसत्या वजनाचे पैसे देतात,
बंद्या नाण्याचे चौपट.
धाकट्याची फी शुक्रवारी भरायची आहे.

मी भिंग लावलं.
खांद्यावरच्या पिनेतले मोती मोजले. नऊ.
माझे आजोबाही आधी मोती मोजायचे,
मग गिऱ्हाइकाला सलाम करायचे.
टिचकी मारली. बद्द.

बुजवणं काही अवघड नाही.
चांदीचा ठिपका, थोडी आच, कानस,
वरून काळपटपणासाठी उकडलेल्या अंड्याचा बलक.
अकरा बुजवलीत मी आजवर.
त्यातलं एक परवा याच दुकानात विकायला आलं
आणि मला ओळखता आलं नाही.
(हे मी तिला सांगितलं नाही.)

पण हे भोक पडलंय नेमकं छातीखाली,
जिथं टाकसाळीची दोन अक्षरं असतात.
ती मला कोरावी लागतील,
मोटारसायकलच्या चाव्या आणि लग्नाच्या अंगठ्या
कोरणाऱ्या या हातानं.

"बघ ना, पाडणाराही आंधळाच," ती म्हणाली,
"गळ्यात घातलं की बाई डोक्यावर उभी!"
मीही हसलो. मग कड दिसली.
किनारीकडच्या अंगाला भोक लांबट झालेलं,
गुळगुळीत, ओठासारखं.
सुतानं चांदी कापायची तर
किती वर्षं लागतात, मला हिशेब येत नाही.

"कुणाचं?"
"आजीच्या आईचं म्हणतात. मी कुणाच्या गळ्यात पाहिलं नाही."

माझ्याकडचा काळा दोरा ओवून
तिनं उगाच मापाला म्हणून गळ्याशी धरलं,
मान खाली घातली,
अंगठ्यानं नाणं वर उचललं.
आणि तशीच राहिली.

जगाला उलटी.
जिच्या गळ्यात, तिला सुलटी.

बाहेर शिवणयंत्रं चालू होती.
पोऱ्यानं होजा आणला, मीठ जास्त झालेला.
तिनं पुन्हा विचारलं, न बुजवता किती?
मी पुन्हा वजन केलं.
मघाचंच वजन.
"शुक्रवार अजून लांब आहे," मी म्हटलं.
"परवावर आलाय," ती म्हणाली,
आणि रुमाल घडी करून कमरेला खोचला,
रिकामा.
दोरा माझा होता. पैसे मागायचे राहिले.