मीडियम साइज

खैरानी रोडचा गाळा, तिसरा मजला,
मे महिन्याची अकरा तारीख,
आणि मी वाळवंट घालून उभी आहे.

पंखा बंद, कारण लोकर उडते.
हात आडवे, मान सरळ.
श्वास घ्यायचा, पण खांदे हलवायचे नाहीत.
कोपऱ्यात पुतळा आहे, पण त्याला काख नाही,
आणि कोट नेहमी काखेत खोटं बोलतो,
असं जेठाराम मास्तर म्हणतात.
म्हणून मी. काज-बटणाच्या टेबलावरची,
कंपनीची मीडियम साइज.
फिटिंग असेल त्या दिवशी साठ रुपये जादा.

घोट्यापर्यंत लांब. दोन घोंगड्यांचं वजन.
खाली विटकरी, वर उंटाच्या पाठीचा रंग,
कमरेशी एकच पांढरा पट्टा,
कॉलरपाशी संध्याकाळ.
ही नावं माझी नव्हेत.
केया मॅडमच्या फळ्यावर फोटो टाचलेत,
प्रत्येकाखाली शेड नंबर:
वाळू चार, वाळू सात,
वाळू सात उन्हातली.
मला माहीत असलेली वाळू ट्रकमधून गळते,
ओली, काळपट, रात्री अडीचला येते
आणि सकाळपर्यंत भिंतीत जाते.
तिला कुणी नंबर देत नाही.

मास्तर तोंडात टाचण्या धरून
गुडघ्यांवर माझ्याभोवती फिरतात.
बाडमेरच्याही पुढे त्यांचं गाव,
जिथे एसटीसुद्धा वळून परत जाते म्हणे.
फळ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं,
चष्मा कपाळावर सारून.
म्हणाले, हे सगळे फोटो दुपारी बाराचे.
बाराला आम्ही डोळे मिटून घेतो.

डाव्या कुशीला पट्टा पट्ट्याला भिडत नाहीये.
अर्धा इंच खाली सरकलाय.
बेचाळीस वर्षांचा हात, आणि अर्धा इंच?
मास्तर, चुकलं, मी म्हणते.
टाचण्यांमधून उत्तर येतं:
रात्री वारा सुटतो.
सकाळी टेकडी जागेवर नसते.

डोक्यावरून विमान उतरतं,
इतकं खाली की काचा बोलतात.
त्यातल्या एखाद्यातून हा कोट जाईल,
बर्फ पडतो अशा कुठल्या तरी गावाला,
जिथे एखादी मीडियम साइजची बाई
हात आडवे न करता तो घालेल.

केया मॅडम आल्या. टेप लावली.
लाल स्टिकर, डाव्या कुशीवर.
सॉरी मास्तर, उसवावं लागेल.
ते भांडले नाहीत. ब्लेड काढलं,
आणि एकेक टाका असा सोडवला
जणू कुणाच्या पायातला काटा.

जेवणाच्या सुट्टीत कोट उलटा करून
खिडकीत टांगला होता.
दोनला परत आलो तर
तपकिरी अस्तरावर, माझ्या पाठीच्या जागी,
घाम वाळून मिठाची कड उठली होती.
एक उंच वळण, मग उतार,
मग बारीक बारीक रेघा, एकीमागे एक,
कुठेही सरळ नाही.

मी ओशाळले. फडकं शोधायला लागले.
मास्तरांनी चष्मा कपाळावर सारला.
त्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
हं, म्हणाले. हे बरोबर आहे.

मग पाणी शिंपडलं
आणि इस्त्री टेकवली.