कवळी

प्रभादेवीच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर ईरा सामंतांनी माझ्या टाळूला
गुलाबी प्लास्टिकचं छप्पर घातलं,
आरसा हातात दिला, म्हणाल्या,
सर, आता काहीतरी बोला.
मी म्हणालो, कवली.

जीभ नेहमीच्या वाटेनं मागे वळली होती,
शेंडा उचलून आपली जागा चाचपत होती.
तिथे दुसरंच कोणी राहायला आलेलं.
पुन्हा म्हणालो. कवली.
"परफेक्ट," डॉक्टर म्हणाल्या, "कवली छान बसली."
त्यांचे तर सगळे दात स्वतःचे.

एकतीस वर्षं वरळीच्या म्युनिसिपल शाळेत
मी ळ राखला. ण राखला.
मोरेश्वर नाखवा, सातवी ब, मागचा बाक,
शाला म्हणायचा, पानी म्हणायचा,
आणि न सांगता हात पुढे करायचा.

त्याच वर्षी वर्ग कान्हेरीला नेला.
पायऱ्यांवर उभं राहून ऐटीत सांगितलं,
हा मूळचा कृष्णगिरी, मग कण्हगिरी,
झिजत झिजत कान्हेरी.
मोरेश्वरनं विचारलं,
"मंग गुर्जी, त्यातला ग कुनी गिलला?"
सगळे हसले. मीही.
सुवर्णकाराचा सोनार झाला,
कुंभकाराचा कुंभार,
तेव्हा कोणाच्या तळहातावर वळ उठले
हे त्या दुपारी माझ्या डोक्यात आलं नाही.
बसमध्ये चिक्की वाटली, इतकंच आठवतं.

येताना कोपऱ्यावर थांबून
अर्धा डझन केली मागितली.
रामसजीवननं वर न बघता सहा मोजली.
त्याच्याकडे ती आधीपासून केलीच होती.

रात्री कवळी वाटीत, पाण्यात.
आता ळ येतो, लख्ख, जुन्या जागी,
पण त आणि द हिरड्यांवरून घसरतात,
स नुसता वारा.
झोप येईपर्यंत अंधारात म्हणून बघतो:
काळ. मूळ. मळभ. वेळ.
शेजारच्या खोलीतून सून विचारते,
बाबा, काही हवंय का?

सकाळी कवळी बसवली की
काळ म्हणायला जावं तर काल,
आणि मूळ म्हणायला जावं तर
तोंडातून मूल निघतं,
मागच्या बाकावर जाऊन बसतं,
हात पुढे करून.

गुरुवारी परत बोलावलंय.
मागून जरा घासून देतील, म्हणाल्या,
जिभेला जागा होईल.
नको म्हणून सांगणार आहे.
नको कसं म्हणायचं, त्याचा सराव चालू आहे.