धोंड्याचा तास

सेल मामंजींनी बदलले,
सांगलीला परत निघायच्या सुमारास,
कुणाला न सांगता, मदत म्हणून.
आणि परसातल्या हवामानयंत्राला वाटायला लागलं
की आज एक जानेवारी दोन हजार.

अकरा दिवस वाटत राहिलं.
अकरा दिवस कर्बी स्टीवनवर कोसळलेला नोव्हेंबर
त्यानं इमानेइतबारे त्या जानेवारीत नेऊन ठेवला
जेव्हा मी मिरजेला
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाची रसायनं घोकत होते,
आणि हा खांब, हा पाऊस मोजायचा पेला,
त्याला अंग घासून जाणारं डोरीनचं मांजर,
यातलं काहीच नव्हतं.

आता आलेख उघडला की
डाव्या कोपऱ्यात ठिपक्यांचा एक पुंजका,
मग बावीस वर्षांची सपाट रेघ,
मग उजव्या भिंतीला चिकटून
आमचे सगळे उन्हाळे-हिवाळे, चेंगरलेले.

तारखा बघणं हा तर माझा धंदा.
दुकानात दिवसभर खोकी उलटी करून बघते,
हे मार्चपर्यंत चालेल, हे गेलं.
जुनं झालेलं औषध टाकून देता येतं.
पडलेला पाऊस कुठे टाकू?

उपाय तसा सोपा.
आधी फाइलची एक प्रत काढून ठेवायची,
मग प्रत्येक चुकलेल्या ओळीत
एकच संख्या मिळवायची, सेकंदांची.
फक्त ती संख्या कळायला हवी,
म्हणजे सेल कधी बदलले ते.
फोन केला.
मामंजी म्हणाले, "अगं, ते नाही का, परवा."
परवा!
मागचा की पुढचा, ते बोलणाऱ्याच्या मानेवरून ओळखायचं,
आणि फोनवर मान दिसत नाही.

शेवटी उपयोगी पडली शेजारची डोरीन टॅलेंटायर,
तिचं मेंढ्यांच्या चित्रांचं कॅलेंडर
आणि त्यावरची पेन्सिल:
धुणं आत. धुणं आत. धुणं आत.
सोमवार एकवीस: बाहेर, बारा ते दोन.

यंत्राच्या वहीत शोधलं.
सापडलं. चार जानेवारी,
रात्रीचे पावणेआठ व्हायला आले होते
आणि ढगांतून लख्ख ऊन पडलं होतं,
दोन तास, पाऊस शून्य.
रात्रीच्या त्या उन्हात
डोरीनच्या चादरी वाळल्या होत्या.

बहात्तर कोटी वीस लाख सतरा हजार दोनशे.
मिळवले.
ठिपके एकेक करत उठले
आणि आपापल्या गुरुवार-शुक्रवारी जाऊन बसले.

मग हात होताच भिजलेला, म्हणून
ऑक्टोबरचंही बघितलं.
शेवटच्या रविवारी इथं पहाटेचा एक तास दोनदा येतो.
आपल्याकडे अख्खा महिना दोनदा आला
तर जावयाला बोलावून अनारसे वाढतात.
इथल्या तासाला सॉफ्टवेअर म्हणतं, दुबार नोंद,
आणि पुसून टाकतं.
मी तो यंत्राच्या पोटातून परत काढला.
त्यात होतं ते एवढंच:
चार अंश, वारा पडलेला, दशांश दोन मिलिमीटर.
कुणाचं काही अडलं नव्हतं त्याच्यावाचून.
तरी ठेवला.

एक ओळ मात्र कुठेच बसेना.
सात फेब्रुवारी, एकवीसशे सहा.
कुठली संख्या मिळवू, कुठली वजा करू?
दुकानात इतक्या पुढची तारीख असलेलं
काहीच नसतं, मीठसुद्धा नाही.
पुसली.
पुसायच्या आधी वाचून घेतली:
नऊ अंश, नैऋत्येचा हलका वारा, पाऊस नाही.

कॅलेंडर परत द्यायला गेले तेव्हा
डोरीनला सांगितलं, एक दिवस सापडलाय,
धुणं बाहेर घालायला फार चांगला.
तिनं कानावरची पेन्सिल काढली.
कधी?

मी मराठीतच म्हटलं,
परवा.