जास्तीचा मजला

नगररचनेत नकाशे रंगवून
बोटं पिवळी झालीत माझी.
पिवळा म्हणजे राहा, हिरवा म्हणजे पेरा.
पंचगंगेला रंगांतलं कळत नाही;
दुधाळीत ती थेट देव्हाऱ्यापर्यंत आली होती.

परवा दस्तगीर गवंडी टेबलाशी आला.
"तळमजला मोकळा सोडतो, साहेब.
भिंत नाही, फरशी नाही. म्हशी बांधतो.
पाणी आलं तर जातंय की खालनं.
बदल्यात वर एक मजला द्या."

नवा नियम उघडला. बसत होतं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोडरबर घेतलं,
पिवळ्याची कड जराशी पुसली.

"आणि पुरात म्हशी?"
"त्या आदल्या रात्रीच रेकत्यात.
तुमचा भोंगा मागनं वाजतोय."

तेवढंही मी शेऱ्यात लिहिलं.